अंधारातला दुसरा बाण आणि सरांचा एक प्रश्न

पीएचडीच्या पहिल्या सेमिनारमध्ये मी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली होती. ऑयगेन हेरिगेल हे जर्मन तत्त्वज्ञ १९२४ ते १९२९ या काळात जपानमधल्या सेंदाई इथे शिकवत होते. तिथे ते आवा केन्झो यांच्याकडे क्यूदो, म्हणजे जपानी धनुर्विद्या, शिकले. नेम न धरता बाण लागेल कसा, अशी शंका त्यांनी काढली, तेव्हा गुरूंनी त्यांना रात्री बोलावलं. मिट्ट काळोख, लक्ष्यासमोर फक्त एक बारीक जळती काडी. पहिला बाण मधोमध लागला, दुसऱ्याने पहिल्यालाच चिरलं!

टाळ्या पडल्या. मग सरांनी विचारलं, "तिथे तिसरं कोण होतं?"

मी गप्प.

नंतर शोधताना यामादा शोजी यांचा २००१ सालचा लेख सापडला. त्यांनी केलं ते साधं आहे : एकाच माणसाने सांगितलेली हकीकत इतरांच्या नोंदींशी ताडून पाहिली.

पहिला मुद्दा साक्षीदाराचा. त्या रात्री दुभाषी हजर नव्हता आणि हेरिगेल यांचं जपानी बेताचंच होतं. दुसरा मुद्दा गुरूंचा. आवांनी पुढे आपल्या एका जपानी शिष्याला सांगितलं, की दुसरा बाण तसा लागणं हा निव्वळ योगायोग होता. तिसरा भाषांतराचा. पुस्तकातलं 'ते बाण सोडतं' हे गूढ वाक्य मुळात 'हां, हेच ते!' अशी साधी शाबासकी असावी, असा यामादांचा तर्क आहे. लक्षात घ्या, हा तर्क आहे, पुरावा नाही.

यातून हेरिगेल खोटं बोलले असं ठरत नाही आणि क्यूदोचं मोलही कमी होत नाही. पण १९४८ च्या त्या छोट्या पुस्तकाने 'धनुर्विद्या म्हणजे झेन' ही समजूत जगभर पोचवली. पुढच्यांनी ती एकमेकांकडून उचलली. दहा संदर्भ दिसतात, मूळ मात्र एकच.

आपल्या विज्ञानातही हेच होतं. म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना प्रत्येक दाव्यापुढे तीन प्रश्न लिहा : हे प्रत्यक्ष कोणी पाहिलं? कोणत्या भाषेतून आलं? स्वतंत्र दुजोरा आहे का?

ती गोष्ट मी आजही सांगतो. फक्त आता सरांच्या प्रश्नासकट.