साबणाचे पाणी आणि घरची कीड

गृहस्थाश्रमात शत्रू पुष्कळ. पण त्यांतील चिवट शत्रू बहुधा आकाराने अगदी लहान असतात. जास्वंदीच्या कोवळ्या फांदीवर पिठ्या ढेकणाचे पांढरे पुंजके दिसू लागतात, शेवंतीच्या कळ्यांखाली माव्याची दाटी होते, आणि पूजेची फुले तोडावयास गेलेल्या वडीलधाऱ्यांचा जीव हळहळतो. मग घरातील कोणी उत्साही तरुण बाजारातून विषारी औषधाची बाटली घेऊन येतो. ज्या घरात रांगती मुले आहेत, ज्या अंगणातील तुळस व कढीपत्ता नित्य पोटात जातो, त्या घराच्या फडताळात अशी बाटली असणे आम्हांस इष्ट वाटत नाही. तिच्याआधी साबणाचा उपाय करून पाहावा, अशी आमची सूचना आहे.

हा उपाय नवा नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात १८४२ च्या सुमारास देवमाशाच्या तेलाचा साबण पाण्यात कालवून गुलाबावरील किडीवर वापरीत असत. त्यामागील तत्त्व समजून घेतले म्हणजे कृतीत चूक होत नाही. कीटक अंगावरील बारीक छिद्रांतून श्वास घेतात, व त्यांच्या कातडीवर मेणाचा पातळ थर असतो. साधे पाणी या थरावरून ओघळून जाते. साबणाचे पाणी मात्र अंगास भिडते, मेणाचा थर विस्कटते व पेशींची आवरणे फोडते. त्यामुळे कीड सुकून किंवा गुदमरून मरते.

यावरून दोन गोष्टी ओघानेच निघतात. पहिली, पाणी किडीच्या अंगास प्रत्यक्ष लागले पाहिजे. वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही. दुसरी, मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, लाल कोळी अशा मऊ अंगाच्या जीवांवरच त्याची मात्रा चालते; टणक पाठीचे भुंगेरे व मोठ्या अळ्या त्यास दाद देत नाहीत. मावा खाणाऱ्या चित्रांग भुंगेऱ्याची पिले जेथे दिसतील, तेथे मात्र फवारा टाळावा. तीही मऊ अंगाची असल्याने मरतात.

साबण मात्र खरा हवा. वेष्टनावर ‘डिटर्जंट’ असा शब्द असेल तर ती वडी किंवा भुकटी या कामी घेऊ नये; तिने पाने करपण्याचे भय असते. तसेच विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा साका होऊन त्याचा गुण जातो. म्हणून पावसाचे किंवा मऊ पाणी घ्यावे.

कृती अशी: साबणाचा ५ ग्रॅम कीस थोड्या ऊन पाण्यात विरघळवून त्याचे १ लिटर पाणी करावे, निवू द्यावे व फडक्याने गाळावे. कीस १० ग्रॅमहून अधिक कधीही घेऊ नये. प्रथम दोन-चार पानांवर शिंपडून दोन दिवस वाट पाहावी. पाने निकोप राहिली तर सकाळी लवकर किंवा सायंकाळी फवारावे. पानांची खालची बाजू विशेष भिजवावी, कारण कीड तेथेच दडते. दोन तासांनी साध्या पाण्याने झाड धुवावे. अंडी यातून वाचतात, म्हणून पाच-सात दिवसांनी दोन-तीन वेळा हाच क्रम करावा. नेचे, कोवळी रोपे व पाण्यावाचून सुकलेली झाडे यांवर हा प्रयोग करू नये. कीड हटवादी असेल तर याच पाण्यात लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल चांगले घोटून लगेच फवारावे. साबणामुळे तेल पाण्यात मिसळते. तुळशीची वा कढीपत्त्याची पाने मात्र स्वच्छ धुतल्यावाचून खाऊ नयेत.

घरातही या पाण्याचा उपयोग आहे. मुंग्या ज्या वासाच्या मागावर चालतात, तो माग साबणाच्या फडक्याने पुसून जातो. झुरळावर हे पाणी पडले तर ते गुदमरते. परंतु मोरीच्या फटी व खरकटे तसेच राहिले, तर दुसरी झुरळे येणारच.

साबण हा काही रामबाण नव्हे. त्यास जोड हवी ती रोज सकाळी पाने उलटून पाहणाऱ्या डोळ्यांची. हे काम घरच्या आजीने नातवंडांस बरोबर घेऊन करावे; दहा-वीस किडे दिसताच ओल्या बोटाने पुसून टाकले, तर पुष्कळदा फवाऱ्याचीही गरज राहत नाही.