पित्ताची गोळी आणि मध्यरात्रीची जाग

रात्री साडेनऊला जेवण, मग थोडा वेळ टीव्ही, आणि अंथरुणावर पडण्याआधी पाण्याच्या घोटाबरोबर पित्ताची गोळी. हा नेम आपल्याकडे अनेक घरांत आहे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही नावे आता कोणाला नवी नाहीत. तरीही मध्यरात्री घशाशी आंबट येते, छाती जळते आणि झोप मोडते. मग माणूस गोळीची कंपनी बदलतो, डोस वाढवतो. त्याआधी गोळी घेण्याची वेळ तपासायला हवी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात. जेवण पोटात गेले की ते मोठ्या संख्येने चालू होतात. ‘प्राझोल’ गटातली औषधे फक्त चालू पंपांनाच बंद पाडतात आणि रक्तात ती जेमतेम काही तास टिकतात. एकदा बंद पडलेला पंप मात्र पुन्हा सुरू होत नाही, शरीराला नवा तयार करावा लागतो. म्हणून लहानशा गोळीचा परिणाम दिवसभर पुरतो. पण त्यासाठी जेवण येईल तेव्हा औषध रक्तात हजर हवे, म्हणजे गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायला हवी. जेवून झोपताना घेतलेली गोळी उशिरा शोषली जाते आणि ती पोहोचते तेव्हा बरेच पंप विसावलेले असतात. ज्यांचा त्रास मुख्यतः रात्रीचा आहे, त्यांना डॉक्टर अनेकदा हीच गोळी रात्रीच्या जेवणाआधी घ्यायला सांगतात.

वेळ पाळूनही रात्र पूर्ण शांत जाईलच असे नाही. दिवसातून दोनदा ही गोळी घेणाऱ्या अनेकांच्या जठरात रात्री तासभर किंवा जास्त वेळ आम्लता पुन्हा वाढते. त्यात हिस्टामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. त्याला अडवणारे फॅमोटिडिन झोपताना दिले जाते ते त्यामुळेच. या गटातले पहिले यशस्वी औषध, सिमेटिडिन, जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आले. त्यांना 1988 साली नोबेल मिळाले. अडचण अशी की फॅमोटिडिन रोज घेतले तर आठवड्या-दोन आठवड्यांतच त्याचा जोर ओसरू लागतो. शिवाय झोपेत लाळ जवळपास थांबते, गिळणेही अगदी कमी होते. त्यामुळे अन्ननलिकेत आलेले आम्ल धुऊन निघायला जागेपणापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

या औषधांनीच झोप उडते का? बहुतेकांची जळजळ थांबते आणि झोप सुधारते, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. ओमेप्राझोलच्या माहितीपत्रकात निद्रानाशाची नोंद आहे, पण क्वचित होणारा परिणाम म्हणून. मला जास्त काळजी वाटते ती ज्येष्ठांची. मूत्रपिंड अधू असेल तर फॅमोटिडिन शरीरात साठते आणि आजोबा रात्री असंबद्ध बोलू लागतात, उठून फिरू लागतात. घरचे म्हणतात, वय झाले. कोणी औषधांची पिशवी उघडून पाहत नाही.

जोड-कॅप्सुलांकडेही लक्ष हवे. नावापुढच्या ‘डी’चा अर्थ बहुधा डॉमपेरिडोन, ‘एल’ असेल तर लेव्होसल्पिराइड. या दुसऱ्या औषधाने दिवसा झापड येऊ शकते, काहींना हातापायांची थरथर आणि अस्वस्थताही होते. ओमेप्राझोल घेणाऱ्याला झोपेसाठी डायझेपाम चालू असेल, तर त्याचा निचरा मंदावतो आणि गुंगी सकाळीही उतरत नाही. वर्षानुवर्षे ‘प्राझोल’ घेणाऱ्यांपैकी काहींचे मॅग्नेशियम घटते, त्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2011 मध्ये इशारा दिला होता. त्यातून स्नायूंत गोळे येऊ शकतात. असे गोळे रात्री वारंवार येत असतील, तर रक्ततपासणीत मॅग्नेशियमही पाहायला सांगावे.

सगळ्यात फसवा प्रकार गोळी अचानक सोडल्यावर घडतो. डेन्मार्कमध्ये 120 निरोगी माणसांवर झालेला एक प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी कोणालाही आधी पित्ताचा त्रास नव्हता. एका गटाला आठ आठवडे इसोमेप्राझोल दिले, मग ते थांबवले. त्यानंतरच्या आठवड्यांत त्यांच्यातल्या 44 टक्के लोकांना जळजळ किंवा अपचन जाणवले, तर बिनऔषधी गोळी घेतलेल्या गटात हे प्रमाण 15 टक्के होते. दाबून ठेवलेले आम्ल उसळून आले होते. आपल्याकडे अशी झोपमोड झाली की माणूस समजतो, गोळीशिवाय आपले चालणारच नाही, आणि ती पुन्हा सुरू होते ती कायमची.

म्हणून गोळी सोडायची तर डॉक्टरांशी बोलून, डोस हळूहळू उतरवत. रक्त पातळ करणारी किंवा सांधेदुखीची औषधे घेणाऱ्यांना, किंवा अन्ननलिकेला गंभीर इजा झालेल्यांना ती जठराच्या किंवा अन्ननलिकेच्या रक्षणासाठीही दिलेली असते. त्यांनी आपल्या मनाने हात लावू नये. डोस उतरवण्याच्या काळात रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवावेत, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा ते आठ इंचांचे ठोकळे द्यावेत (नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडते) आणि डाव्या कुशीवर झोपावे. गिळताना अन्न अडकणे, काळी शौच किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काही दिसले, तर लगेच डॉक्टर गाठावेत. आणि छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर पित्ताच्या गोळीची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे.