शीड उतरवताना डोकं सांभाळा!

सुट्टीत आम्ही उत्तनला प्लायवूडची छोटी शिडाची होडी बांधली. शिडाच्या खालच्या कडेला जी आडवी काठी असते ती बूम. तिचं एक टोक डोलकाठीला बिजागरीसारखं जोडलेलं, दुसरं मोकळं. शीड वर असेपर्यंत तेच बूमला उचलून धरतं. पहिल्याच दिवशी शीड उतरवलं आणि बूम धाडकन मित्राच्या डोक्यात! टेंगूळ आठवडाभर टिकलं. शेजारच्या कोळी काकांना उपाय विचारला तर ते हसायलाच लागले. त्यांच्या जुन्या तिकोनी शिडाला काठी वर असायची, खाली बूम नसायचीच.

उपाय साधा आहे. डोलकाठीच्या शेंड्यापासून बूमच्या मोकळ्या टोकापर्यंत एक दोरी. आता फ्री बॉडी डायग्राम काढा (मेकॅनिक्स कधीतरी उपयोगी पडतं!). बूम २.४ मीटर, ४ किलो, शेंडा ३.२ मीटर वर, म्हणजे दोरी बरोबर ४ मीटर. निम्मं वजन बिजागरी घेते, दोरीवर ताण फक्त २.५ किलो. वर उतरलेल्या शिडाचं वजन धरलं तरी नायलॉनची दोरी सहज पुरते.

पण होडी वाऱ्यावर चालताना ही दोरी सैल हवी. ताणलेली राहिली तर बूम वर उचलली जाते, शिडाची मागची कड फडफडते आणि वेग जातो. शीड उतरवायच्या आधी मात्र ती ताणून बांधायची. हा क्रम आम्ही परत एकदा चुकलो, पण तेव्हा सगळ्यांची डोकी बाजूला होती.