नखाएवढ्या चिपमधला पहिला हुकूम

सोलापुरातल्या एखाद्या करसल्लागाराच्या ऑफिसात किंवा टॉवेल कारखान्याच्या हिशेबाच्या टेबलावर दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक आजही इमानेइतबारे राबत असतो. प्रोसेसर इंटेलचा, तिसऱ्या पिढीचा. टॅली चालते, जीएसटीचं विवरणपत्र वेळेत जातं. फक्त सकाळी सुरू व्हायला इतका वेळ लावतो, की तोवर चहा येऊन संपतो. कंटाळून मालक एनव्हीएमई जातीची एसएसडी आणतो आणि दुकानदाराकडून पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत बसणारी साधी अ‍ॅडॅप्टर पट्टी घेऊन तिच्यावर लावतो. जुन्या डिस्कवरून विंडोज सुरू केलं की नवी एसएसडी व्यवस्थित दिसते, फाइली सपासप कॉपी होतात. पण जुनी डिस्क काढून विंडोज नव्या एसएसडीवरूनच सुरू करायला जावं, तर मशीन हात वर करतं: सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

डिस्क धडधाकट आहे, वायरिंग ठीक आहे, मघाशी तर दिसतही होती. मग आता काय झालं?

उत्तर डिस्कमध्ये नाहीच. मदरबोर्डच्या कोपऱ्यात आठ पायांची, नखापेक्षा लहान अशी एक काळी चिप असते. उत्तर तिच्या पोटातल्या काही किलोबाइटमध्ये आहे, आणि तेवढे किलोबाइट बदलता येतात.

आधी ही चिप करते काय ते पाहू. पॉवरचं बटण दाबल्यावर इंटेलच्या प्रोसेसरला काहीच ठाऊक नसतं. पुढ्यात रॅम आहे की नाही, कीबोर्ड कुठला, डिस्क कुठली, कशाचा पत्ता नाही. त्याला जन्मतः एकच गोष्ट माहीत असते: पहिला हुकूम चार जीबीच्या हद्दीच्या बरोबर सोळा बाइट अलीकडे घ्यायचा. म्हणजे पत्ता ४,२९,४९,६७,२८०. मशीनमध्ये दोनच जीबी रॅम असली तरी तो याच पत्त्यावर जातो. तिथे रॅम नसतेच. मदरबोर्डची जोडणी अशी केलेली असते, की त्या पत्त्यावर हाक मारली की ओ द्यायला ही छोटी चिप हजर असते. पुढचं सगळं तिच्या हुकमाने घडतं. ती रॅम जागी करते, पंखे फिरवते, डिस्क शोधते आणि शेवटी विंडोजची पहिली फाइल उचलून प्रोसेसरच्या हवाली करते.

या चिपमधल्या प्रणालीला आपण सवयीने बायोस म्हणतो. हे नाव गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकात आपल्या सीपी/एम या प्रणालीसाठी वापरलं. १९८१ च्या आयबीएम पीसीत बायोस फक्त आठ किलोबाइटचा होता. आजच्या चिपमध्ये आठ, सोळा, बत्तीस मेगाबाइटचा ऐवज असतो आणि त्याचं खरं नाव यूईएफआय. २००५ मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन या प्रमाणासाठी संघटना उभी केली. जुना बायोस म्हणजे एकसंध दगड होता. यूईएफआय मात्र शेकडो सुट्या मॉड्यूलचं गाठोडं आहे. कीबोर्ड ओळखणारं मॉड्यूल वेगळं, पडद्यावर कंपनीचं चित्र दाखवणारं वेगळं, साटा या नेहमीच्या जोडणीच्या डिस्कशी बोलणारं वेगळं. प्रत्येकाला १२८ बिटांचा स्वतःचा ओळखक्रमांक असतो, आणि आपल्याआधी कोण जागं व्हायला हवं याची अटही काही जण सोबत बाळगतात.

आता कोड्याची गाठ सुटते. तिसऱ्या पिढीच्या काळातल्या मदरबोर्डच्या गाठोड्यात साटाचं मॉड्यूल असतं, पण एनव्हीएमईचं सहसा नसतं. एनव्हीएमईचं पहिलं प्रमाण आलं २०११ मध्ये, आणि घरगुती मदरबोर्डवर त्यावरून सुरुवात करण्याची सोय साधारण २०१४ नंतर रुळली. विंडोजकडे एनव्हीएमईशी बोलायची विद्या आहे, पण विंडोजच त्या डिस्कवर झोपलेलं आहे. त्याला उठवायचं तर डिस्क वाचायला हवी, आणि उठवणाऱ्याला ती वाचता येत नाही. अडलंय एवढंच.

गंमत अशी, की हीच अडचण पीसीच्या बाळपणीही आली होती. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीला हार्ड डिस्क म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. पुढे डिस्कची कार्डं आली, ती आपला छोटा प्रोग्राम आपल्याच चिपवर घेऊन. मुख्य बायोसने फक्त ठरावीक जागा चाळायच्या, ‘५५ एए’ ही दोन बाइटची खूण दिसली की तिथला प्रोग्राम चालवायचा. पण सगळ्यात जुन्या बायोसला ही खूण शोधायचीही अक्कल नव्हती. त्यासाठी २७ ऑक्टोबर १९८२ या तारखेचा नवा बायोस लागायचा. तेव्हा ‘अपडेट’ म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जुनी चिप खोबणीतून उपटायची आणि नवी दाबून बसवायची.

पुढेही डिस्कच्या वाटेत बायोस आडवा येतच राहिला. बायोसचं मोजमाप आणि डिस्कचं मोजमाप यांचा लघुत्तम मेळ घातला, तर १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर एवढंच हाती यायचं. प्रत्येक सेक्टरचे बाइट धरून गुणाकार करा: ५२,८४,८२,३०४ बाइट. म्हणून १९९० च्या दशकात मोठी डिस्क आणणाऱ्यांची गाडी ५२८ मेगाबाइटवर अडायची. तबकडीवर जागा होती, ती मोजणाऱ्याचे आकडे संपले होते.

यंत्र तेच ठेवून फक्त हुकूम बदलायचा, ही कल्पना सोलापूरकरांना नवी वाटायचं कारण नाही. पूर्व भागातल्या यंत्रमागावर चादर विणली जाताना मान वर करून पाहा. मागाच्या डोक्यावर जॅकार्डची चौकट असते आणि पारंपरिक जॅकार्डवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि त्या हुकाचा उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. मयूरपंखी नक्षी हवी तर त्या नक्षीची माळ चढवायची. माग तोच, मोटर तीच, विणकरही तोच. लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार यांनी १८०४ मध्ये हे यंत्र पुढे आणलं. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी याच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी भोकांची पत्ती माणसं मोजायला लावली. हॉलरिथ यांची कंपनी पुढे जिच्यात विलीन झाली तिचं नाव १९२४ मध्ये आयबीएम झालं, आणि त्याच आयबीएमने १९८१ मध्ये तो आठ किलोबाइटचा बायोस असलेला पीसी विकायला काढला. चादरीच्या मागापासून मदरबोर्डच्या चिपपर्यंत वंशावळ अशी सरळ येते.

आता त्या चिपमध्ये नवी विद्या घालायची कशी? मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोसची ताजी फाइल उतरवायची आणि यूईएफआयटूल नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये उघडायची. आठ मेगाबाइटची ती मुकी फाइल पडद्यावर झाडासारखी फांद्याफांद्यांनी उलगडते. एका फांदीत मॉड्यूलची लांबलचक यादी असते. त्यात एनव्हीएमई शोधलं तर सापडत नाही. मग एनव्हीएमईचं मॉड्यूल घ्यायचं, यादीतल्या शेवटच्या मॉड्यूलनंतर ठेवायचं आणि फाइल जतन करायची. इंटेलने सुरू केलेल्या टियानोकोर या खुल्या प्रकल्पात अशा मॉड्यूलचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो. जतन केलेली फाइल पुन्हा उघडून आधीच्या फाइलशी ताडून पाहायची. एखादी मोकळी जागा सरकली असेल, एखादं मॉड्यूल गायब झालं असेल, तर तिथेच थांबायचं.

सगळं जमून आलं आणि नवी फाइल चिपमध्ये गेली, की सुरुवातीच्या यादीत बऱ्याचदा एक विचित्र नाव दिसतं: ‘पाटा एसएस’. पाटा ही तर रुंद पट्ट्यांच्या केबलची, केव्हाच मोडीत निघालेली जोडणी! जुन्या बायोसला नव्या पाहुण्याशी बोलता येऊ लागलं, पण त्याची जात लिहायला त्याच्या वहीत रकाना नाही. म्हणून तो पाहुण्याला सर्वांत जुन्या रकान्यात टाकतो आणि मुकाट्याने विंडोज सुरू करून देतो.

फरक किती पडतो? साटाच्या तिसऱ्या पिढीतून चांगल्या एसएसडीला सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट मिळतात. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या चार लेनवर तोच आकडा ३,५०० च्या घरात जातो. त्याहून मोठा फरक रांगांचा आहे. साटासाठी वापरली जाणारी एएचसीआय पद्धत एका वेळी एकच रांग लावते आणि रांगेत ३२ हुकूम. एनव्हीएमईच्या प्रमाणात रांगाच ६५,५३५ पर्यंत, आणि एकेका रांगेत ६५,५३६ पर्यंत हुकूम. घरच्या डिस्कवर एवढ्या रांगा कधी लागत नाहीत, पण दार केवढं मोठं ठेवलंय ते यावरून कळतं. ही पीसीआय एक्सप्रेसची वाट घडवणाऱ्यांत अजय भट्ट हे एक नाव आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते शिकले. तेच यूएसबीच्या जनकांपैकीही एक.

तरीही खाच बघून घ्या. त्या काळच्या स्वस्त बोर्डांवरची छोटी खाच एका लेनची, २.० पिढीची असते. तिची कागदावरची मर्यादाच सेकंदाला ५०० मेगाबाइट. तिथे महागडी एनव्हीएमई लावली तर ती साध्या साटा एसएसडीच्याही मागे पडते. ग्राफिक्स कार्डाची लांब खाच मोकळी असेल तरच या खटाटोपाला अर्थ आहे.

असंच बदललं जाणारं दुसरं मॉड्यूल रेडचं. दोन एसएसडी जोडून एक मोठी, वेगवान डिस्क करतात ती पद्धत. फ्लॅश मेमरीत जुना मजकूर पुसल्याशिवाय नवा लिहिता येत नाही, आणि पुसायचं तर पानं एकेक करून नाही, अख्खा ठोकळाच पुसावा लागतो. म्हणून कुठली पानं आता नकोत हे विंडोज एसएसडीला आधीच कळवून ठेवतं. या निरोपाला ट्रिम म्हणतात. इंटेलच्या जुन्या रेड मॉड्यूलमध्ये हा निरोप मधेच अडकायचा आणि एसएसडी हळूहळू मंदावायची. २०१२ च्या सुमारास आलेल्या अकराव्या मालिकेने जोडलेल्या डिस्कपर्यंत ट्रिम पोहोचवला. मग हौशी मंडळींनी तेच मॉड्यूल त्याआधीच्या बोर्डांतही बसवलं.

पण भाबडेपणा नको. विंडोज एकदा जागं झालं की डिस्कशी बोलायचं काम त्याचा स्वतःचा ड्रायव्हर करतो, चिपमधलं मॉड्यूल बाजूला होतं. त्यामुळे साटावर एकटी एसएसडी लावली असेल, तर मॉड्यूल बदलून रोजच्या वेगात काही फरक पडत नाही. सेटिंगमध्ये ‘आयडीई’ ही जुनी पद्धत असेल तिथे ‘एएचसीआय’ करणं त्याहून जास्त उपयोगाचं, अर्थात विंडोज बसवण्याआधी. कधी अपडेटने वेग उतरतोही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जगजाहीर झाल्या. त्यावरच्या उपायांपैकी काही बायोसमधून मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या हुकमांच्या, रूपाने आले, आणि छोट्या-छोट्या फाइली सतत वाचणाऱ्या कामांना त्याचा फटका बसला. सुरक्षिततेची ती किंमत होती.

बायोससारख्या, यंत्रातच बसवलेल्या प्रणालीला फर्मवेअर म्हणतात. ते डिस्कच्या आतही असतं, आणि कधी कधी जास्त महत्त्वाचं ठरतं. २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल इशारा दिला: ३२,७६८ तास चालल्यावर त्या कायमच्या बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. हा आकडा दोनचा पंधरावा घात आहे. संगणकाच्या जगात आकडा मोजायचा डबा नेमका इथे भरतो. उपाय काय, तर वेळेत फर्मवेअर बदलणं.

धोकाही याच चिपमध्ये आहे. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच नावाच्या व्हायरसने अनेक देशांत संगणकांच्या डिस्क पुसल्या आणि जमेल तिथे बायोसवर कचरा लिहिला. ती मशीनं सुरूच होईनात. भारतातही त्याचा तडाखा बसला. चिपमध्ये लिहिणं चालू असताना लाईट गेली तरी हीच गत होते. म्हणून यूपीएसशिवाय या कामाला हात घालू नये. पुढच्या पिढ्यांतल्या काही मशीनमध्ये कंपनीच्या डिजिटल सहीशिवायचा बायोस प्रोसेसरच नाकारतो. तिथे मॉड्यूल घुसडायचा प्रयत्न करूच नये.

सोलापूरची हवाही ध्यानात घ्या. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, कारखान्याच्या ऑफिसात सुताचे बारीक तंतू पंख्यात अडकतात, आणि तापलेली एनव्हीएमई स्वतःला वाचवायला आपणच वेग उतरवते. तिथे कितीही नवा बायोस घाला, उपयोग शून्य. आधी पंखा पुसा, एसएसडीवर उष्णता शोषणारी पट्टी लावा.

तेव्हा क्रम असा ठेवा. डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. सेटिंग तपासा. एसएसडीचं फर्मवेअर कंपनीच्या साधनाने अपडेट करा. मग मदरबोर्ड कंपनीचा अधिकृत बायोस घ्या, कारण एनव्हीएमईची सोय त्यात आधीच आलेली असू शकते. एवढं करूनही अडलं, तरच सुटं मॉड्यूल बसवायचा विचार करा, आणि तोही चिपमधल्या मूळ मजकुराची प्रत आणि बाहेरून चिप लिहिणारा प्रोग्रॅमर हाताशी ठेवूनच. एवढी तयारी नसेल तर साधी साटा एसएसडी आणा. ती या सगळ्या खटाटोपाशिवाय सुरू होते, आणि टॅलीच्या मशीनला तेवढा वेग पुरून उरतो.