आईच्या ताटात बाळाचा घास

सेमाडोह हे गाव मेळघाटात आहे. जिल्हा अमरावती. परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी ते वसले आहे. भोवती सागाचे रान आहे. आसपासच्या गावांत कोरकू लोकांची वस्ती आहे.

पावसाळ्यात या भागात दिवस कठीण असतात. घरातले धान्य सरत येते. नाल्यांना पूर येतो, वाटा अडतात. वावरात मात्र निंदणाचे काम जोरात असते. पोटुशी बाईही निंदायला जाते. घरी येऊन ती आधी सर्वांना वाढते आणि मग उरलेसुरले आपण खाते. तिच्या पोटातले बाळही तेवढ्यावरच राहते.

१९९३ साली मेळघाटातील पुष्कळ लहान मुले दगावली. ती बातमी साऱ्या महाराष्ट्राला कळली. ही मुले का गेली? ताप, जुलाब, न्यूमोनिया ही नावे आपण ऐकतो. पण अशक्त लेकराला साधे दुखणेही झेपत नाही. आणि लेकराचा अशक्तपणा पुष्कळदा आईच्या पोटातच सुरू होतो.

ज्वारीचे रोप मातीतून सत्त्व ओढते. माती कसदार नसेल तर कणीस भरत नाही. बाळाचेही तसेच आहे. ते आईच्या रक्तातून वाढते. जन्मतः बाळाचे वजन अडीच किलोहून कमी भरले, तर ते कमी वजनाचे समजावे. अशा बाळाला जास्त जपावे लागते. त्याला आईच्या छातीशी, उघड्या अंगाला लावून ऊब द्यावी. लगेच अंघोळ घालू नये. आशाताई घरी येऊन बाळाला तपासतात, त्यांचे ऐकावे.

काही घरांत म्हातारी माणसे म्हणतात, "जास्त खाऊ नको बाई, पोर मोठं होईल अन् बाळंतपण अडेल." त्यांच्या मनात माया असते, पण ही समजूत खरी नाही. कमी खाल्ल्याने बाळंतपण सोपे होत नाही. आई थकते आणि बाळ हडकुळे होते.

मग काय खावे? महाग वस्तूच हव्यात असे नाही. रोजच्यापेक्षा एक भाकर जादा खावी. वाटीभर तुरीचे वरण घ्यावे. अंबाडीची, शेवग्याची भाजी, तीळ, शेंगदाणे, मिळेल तेव्हा अंडे किंवा मासळी खावी. चौथ्या महिन्यापासून रक्तवाढीची गोळी रोज घ्यावी. गोळीवर लगेच चहा पिऊ नये. गोळीने शौचास काळी होते, त्याला भिऊ नये. दुपारी थोडे आडवे व्हावे.

बाळ जन्मले की तासाभरात अंगावर घ्यावे. पहिले चिकाचे दूध पिवळसर असते. ते फेकू नये. ते बाळाचे रोगापासून रक्षण करते. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. मध नको, पाणीही नको. सहा महिने पुरे झाले की मऊ वरणभात, खिचडी भरवावी आणि दूधही चालू ठेवावे.

बाळ वाढते की नाही, हे काटा सांगतो. जन्मतः तीन किलोचे बाळ पाच-सहा महिन्यांत सहा किलोचे आणि वर्षाने नऊ किलोचे व्हावे. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करावे. वजन अडले तर त्याच वेळी आशाताईंना सांगावे.

अंगणवाडीचे काम देशात १९७५ साली सुरू झाले. पहिल्या तेहेतीस ठिकाणांत आपली धारणी होती. २०१५ साली सरकारने आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना काढली. तिच्यात गरोदर बायांना आणि बाळंतिणींना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. ते आपल्या हक्काचे आहे. मिळत नसेल तर गावसभेत विचारावे.

पण अंगणवाडीत एक वेळ जेवली, म्हणून घरी तिचे ताट कमी करू नये. घरधन्यांनो, हे काम तुमचे आहे. आज रात्री पोटुशी बाईला आधी वाढा. ती पोटभर जेवली की आपण बसू.