पडलेली पापणी : शस्त्रक्रियेकडून किती अपेक्षा ठेवावी?

खत-बियाण्याचं सांगणारा माणूस आज डोळ्याच्या पापणीवर कुठं वळला, असं तुम्ही म्हणाल. कारण घरचंच आहे. औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचताना माझे वडील मान मागे टाकायचे, आठ्या घालून भुवया वर ओढायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं की डावी पापणी थेट बाहुलीवर उतरली आहे. शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी आरशात सुजलेला, काळानिळा डोळा बघून ते म्हणाले, "होतं तेच बरं होतं." चूक आमची. आधी काही विचारलंच नव्हतं.

पापणी का पडते?

पापणी उचलणारा स्नायू एका पातळ पट्टीने पापणीला जोडलेला असतो. वयोमानानुसार ही पट्टी सैल पडते, बाजेची सुतळी सैल पडावी तशी. डॉक्टर ती पुन्हा आवळून बांधतात. जन्मतःच पापणी पडलेल्या मुलात मात्र बहुधा स्नायूच कमजोर असतो. तो फारच कमजोर असेल, तर मांडीतली पट्टी किंवा सिलिकॉनची दोरी घालून पापणी कपाळाच्या स्नायूला जोडतात. मग मूल भुवई उचलून डोळा उघडतं.

काय मिळेल, काय नाही?

झाकलेली बाहुली मोकळी होते, वरचं दिसू लागतं, मान मागे टाकावी लागत नाही. हा फायदा मोठा आहे. पण मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर यानं जात नाही. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे होतील असंही धरू नका. एखाद्या मिलिमीटरचा फरक राहिला तरी काम चांगलं झालं असं मानतात. कधी पापणी कमी उचलली जाते, कधी जास्त, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. झोपेत डोळा थोडा उघडा राहू शकतो, लहान मुलांत जास्तच. त्यासाठी थेंब आणि मलम नियमानं घालावं लागतं.

सूज उतरायला एक-दोन आठवडे लागतात. खरा आकार दीड ते तीन महिन्यांनी कळतो. तोवर धीर धरा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत फवारणी, मळणीची धूळ, जड ओझं, विहिरीतलं पोहणं बंद ठेवा. वयामुळं सावकाश पडलेल्या पापणीला सहसा घाई नसते. सुगी आटोपल्यावरची तारीख घेतली तरी चालते.

मुलांबाबत थांबू नका

बाहुली झाकली गेली तर मेंदू त्या डोळ्यानं बघायला शिकतच नाही, डोळा 'आळशी' होतो. पुढं पापणी उचलली तरी गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही. "मोठं झाल्यावर बघू" म्हणू नका. लगेच नेत्रतज्ज्ञाला दाखवा. सरपंच, अंगणवाडी ताई आणि गुरुजींनीही लक्ष घालावं. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, त्यांना असं मूल आवर्जून दाखवा.

अचानक पडली तर?

सकाळी बरी आणि संध्याकाळी पडणारी पापणी स्नायूंच्या वेगळ्या आजाराची असू शकते. त्यावर औषधं आहेत. पापणी अचानक पडून एकाचे दोन दिसू लागले किंवा डोकं जोरात दुखलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाची पापणी सकाळी जड झाली, बोलणं अडखळलं, तर मण्यारीची शंका घ्या. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही कित्येकदा सापडत नाही. मांत्रिकाकडं वेळ न घालवता 108 ला फोन करा. इथं उपाय सर्पदंशाच्या इंजेक्शनचा, शस्त्रक्रियेचा नव्हे.

शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा : पापणी कशामुळं पडली, किती उचलेल, डोळा पूर्ण मिटेल का, पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते का? पिशवीवरची उगवणशक्ती बघितल्याशिवाय आपण बियाणं घेत नाही. डोळ्याच्या बाबतीत तरी का घ्यावं?

वडिलांचा डोळा दीड महिन्यानं ठीक झाला. डावी पापणी अजून थोडी खाली आहे. पण बाटलीवरचा कागद ते आता मान सरळ ठेवून वाचतात, अर्थात चष्मा लावूनच.