एक्स-रे यंत्रानं वाचला, उत्तर कोण देणार?

आरोग्यसेवेतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर, म्हणजे एआयवर, डॉक्टर बोलतात, कंपन्या बोलतात. आज आपण ती रुग्णाच्या बाजूनं पाहू. समजा, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातला एक धान पिकवणारा शेतकरी आहे. तीन आठवड्यांपासून खोकला आहे. छातीचा एक्स-रे निघाला, पण तो वाचणारा तज्ज्ञ जवळपास नाही.

अशा ठिकाणी सॉफ्टवेअर एक्स-रे वाचू शकतं. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीचं 'क्यूएक्सआर' हे त्यांपैकीच एक. टीबीच्या प्राथमिक चाळणीसाठी, १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयात, तज्ज्ञाऐवजी अशी सॉफ्टवेअर वापरता येतील, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२१ मध्ये केली.

हे चालतं कसं? आधी तपासलेले असंख्य एक्स-रे दाखवून सॉफ्टवेअर तयार केलेलं असतं. नव्या एक्स-रेला ते गुण देतं. किती गुणांच्या वर 'संशयित' म्हणायचं, ती रेषा मात्र माणसं ठरवतात. रेषा खाली आणली तर आजारी माणूस सुटण्याची शक्यता कमी होते, पण अनेक निरोगी लोकांना पुढच्या तपासणीला जावं लागतं. वर नेली तर उलट होतं.

रुग्णाचा हिशोब इथूनच सुरू होतो. ऐन रोवणीत एक दिवस गेला की मजुरी बुडते, बसभाडं लागतं, शिवाय गावात कुजबुज होते ती वेगळीच. आणि खरा आजार सुटला, तर घरातल्यांनाही लागण होऊ शकते. म्हणजे त्या रेषेची किंमत दोन्हीकडून रुग्णच मोजतो.

आणखी एक अडचण. टीबी बरा झाला तरी फुफ्फुसावर व्रण राहू शकतो. खाणीतल्या धुळीनंही डाग पडू शकतात, आणि आपल्या तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत. निव्वळ चित्र पाहणारं सॉफ्टवेअर अशा वेळी फसू शकतं. "काका, आधी कधी टीबीचं औषध घेतलं होतं का? काम कुठं करत होता?" हे विचारायला माणूसच लागतो. म्हणून सॉफ्टवेअरचा शेरा म्हणजे निदान नव्हे. त्यानंतर थुंकीची ट्रूनॅट किंवा सीबीनॅट तपासणी व्हायला हवी.

मग यंत्रावर लक्ष कोण ठेवणार? भंडाऱ्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. ९ जानेवारी २०२१ ला पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. त्या घटनेचा एआयशी संबंध नव्हता. पण ज्या जिल्ह्यानं हे पाहिलं, तिथले लोक यंत्रामागची जबाबदार माणसं कोण, हे विचारणारच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही रुग्णाची संमती, माहितीची गोपनीयता, उत्तरदायित्व आणि मानवी देखरेख यांवर भर आहे.

तेव्हा आपण रुग्ण म्हणून, किंवा घरच्या रुग्णासोबत गेल्यावर, तीन गोष्टी विचारूया. डॉक्टरसाहेब, हा एक्स-रे तुम्ही स्वतः पाहिला का? सॉफ्टवेअर चुकलं असेल, तर पुढची तपासणी कोणती आणि ती कुठं होईल? आणि माझा एक्स-रे व माहिती कुणाकडे जाते? डॉक्टरांना वेळ नसेल तर आशाताईंना विचारा, पण विचारल्याशिवाय घरी येऊ नका.